ओळंब्यात नसलेलं गाव

भाचीला उत्तर जर्मनीतल्या ल्युनेबुर्गमध्ये खोली मिळाली आणि सामान लावून द्यायला मी हॅम्बुर्गहून गेले. जुन्या गावात, मिखाएलिस चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरची खोली. पुस्तकं, भांडी, पांघरुणं लागली आणि शेवटी उरली ती तसबीर. तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, भरलेला कशिदा. मोर आणि खाली दोन ओळींची वेलबुट्टी, काचेत बसवलेला. मी खिळा ठोकला, फोनमधली पाणसळ चौकटीच्या वरच्या कडेवर टेकवली, इकडेतिकडे करत शून्य अंश आणला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं, तर तसबीर ढळढळीत वाकडी. पुन्हा फोन लावला. शून्य. पुन्हा मागे सरले. वाकडी. तेवढ्यात घरमालकीणबाई किल्ल्या द्यायला वर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पायात घरातल्या लोकरी सपाता. त्यांनी काही न विचारता तसबिरीचा डावा कोपरा दोन बोटांनी खाली ओढला आणि म्हणाल्या, “फोन ठेवून द्या. इथे छताकडे बघून लावायचं असतं.” आता ती सुरेख सरळ दिसत होती. फोनच्या हिशेबानं मात्र तीन अंशांनी कललेली. भाची हसत सुटली. मला हसू आलं नाही. परतीच्या गाडीतही ते मनातून जाईना. खोली वाकडी, म्हणून वाकडं ते सरळ. आणि त्या खोलीत राहणाऱ्या बाईला यात विशेष काही वाटत नाही, हे जास्त.

ल्युनेबुर्ग मी आधी पाहिलेलं होतं, पण पाहुण्यासारखं. हॅम्बुर्गकडे नातेवाईक आले की एक दिवस त्यांना इथे आणायचं, ‘आम झांडे’ चौकात उभं करून फोटो काढायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता. लांबट, उताराचा चौक, दोन्ही बाजूंना विटांची उंच घरं, माथ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले त्रिकोण. दगड या भागात मिळत नाही, म्हणून सगळी श्रीमंती विटेत. काही विटा तर दोरखंडाला पीळ द्यावा तशा वळवलेल्या, काहींवर हिरवट-काळी चकाकी. चौकाच्या पश्चिम टोकाचं 1548 सालचं काळं घर उन्हात असं चमकतं की पाहुणे हमखास विचारतात, हे नवं आहे का? त्यात भर म्हणजे एक रोजची जर्मन मालिका 2006 पासून इथेच चित्रित होते. तिच्या भक्त मंडळींच्या बसगाड्या येतात, नायिका कुठल्या दारातून रडत बाहेर पडली ते दार शोधतात. मला त्यांची थट्टा करायचा अधिकार नाही. आमच्या घरीही साडेसातला फोन उचलला जात नसे. पण गावाला सतत कोणीतरी चेहऱ्याकडे बघतंय, पायाकडे कोणी बघत नाही, असं मात्र तसबिरीच्या त्या प्रसंगानंतर मला वाटायला लागलं आणि मी पुढच्या वेळी खाली बघत हिंडले.

खाली मीठ आहे. गावाच्या पोटात मिठाचा घुमट आहे, खूप खोलवरून वर सरकत आलेला. भूजल त्याच्या माथ्याला लागतं, मीठ विरघळतं आणि खारं पाणी तयार होतं. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग मीठ असतं, या पाण्यात सव्वीस. याहून जास्त मीठ पाण्यात मावतच नाही. गावात गोष्ट सांगतात ती डुकरिणीची: चिखलात लोळून आलेली रानडुकरीण उन्हात वाळली, तिच्या अंगावर पांढरे कण चमकले, ते शिकाऱ्याला दिसले. तिचं म्हणून एक हाड नगरभवनात काचेत जपून ठेवलंय. कागदोपत्री पुरावा मात्र 956 सालचा. जर्मन राजा ऑटो पहिल्यानं इथल्या मिठावरच्या जकातीचं उत्पन्न मिखाएलिस मठाला दिलं, त्या दानपत्रात मिठाचा कारखाना आधीपासून चालू आहे असंच गृहीत धरलंय. तेव्हापासून 1980 पर्यंत, म्हणजे हजारएक वर्षं, हा कारखाना चालला. माझ्या शाळकरी वयात तो बंद पडला. इतकी लांबलचक गोष्ट माझ्या आयुष्याच्या आत येऊन संपते, याची मला उगाचच दचक बसली.

कारखान्याच्या जागी आता संग्रहालय आहे, शेजारी सुपरमार्केट. वाणसामानाची पिशवी घेतलेली माणसं संग्रहालयाच्या पाट्यांपाशी सायकली लावतात. आत शिरलं की दमट वास येतो, लोखंडाचा आणि ओल्या चुन्याचा. शेवटच्या काळातली, मोठ्या खोलीएवढी पसरट लोखंडी कढई अजून आहे, कडांवर पापुद्रे धरलेली. पण मला थांबवलं ते त्याआधीच्या काळानं. मध्ययुगात इथे चोपन्न भट्टीघरं होती आणि प्रत्येकात शिशाच्या चार कढया. दोनशे सोळा कढया रात्रंदिवस पेटलेल्या. जमिनीत अर्ध्या पुरलेल्या, ठेंगण्या, धुरकटलेल्या झोपड्यांत स्त्री-पुरुष वाफेत उभे राहून खारं पाणी आटवायचे, वर साय धरली की फावड्यानं ओढून वेताच्या टोपल्यांत निथळायला टाकायचे. शिसं वितळायला फारशी आच लागत नाही, म्हणजे जाळ सांभाळणं ही कसरतच. कढई झिजली की पुन्हा ओतायची. त्या शिशाचा किती अंश मिठात आणि किती माणसांत गेला असेल, हा हिशेब कुठल्या पाटीवर नाही. मालकी बहुतेक मठांची आणि चर्चची, कढया भाड्यानं घेणारे ते गावातले सरदार घराण्यांसारखे मीठमालक, आणि झोपडीत घाम गाळणारे त्याहून निराळे. पंधराव्या शतकात गावचं कर्ज फेडायला मिठाच्या उत्पन्नातला वाटा कोणी सोडायचा यावरून मठाधिपती आणि नगरसभा यांच्यात असं जुंपलं की प्रकरण पोपपर्यंत गेलं आणि नगरसभेवर धार्मिक बहिष्कार पडला. कर भरायची वेळ आली की देवाची माणसं आणि बाजारातली माणसं सारखीच दिसतात.

मीठ जायचं उत्तरेला ल्युबेकला, आधी बैलगाड्यांनी, मग 1398 पासून स्टेक्निट्झ कालव्यातून. ल्युबेकहून जहाजांतून स्वीडनच्या दक्षिण टोकाला, जिथे हेरिंग मासे थव्यांनी यायचे. मासे खारवून पिंपांत भरायचे आणि अर्ध्या युरोपात विकायचे. उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासा चालतो, आणि ख्रिस्ती वर्षात उपासाचे दिवस भरपूर. आम झांडेवरच्या त्या पीळदार विटा शेवटी लोकांच्या उपासांतून आलेल्या आहेत. आमच्याकडे एकादशीला शेंगदाणे महाग होतात, त्यामुळे उपास आणि बाजारभाव यांचं नातं मला नवीन नव्हतं.

सरपण मात्र अफाट लागलं. इथला प्रत्येक मार्गदर्शक पर्यटकांना सांगतो की मिठाच्या भट्ट्यांनी जंगलं खाल्ली आणि म्हणून भोवताली हीथ पसरला, ऑगस्टात जांभळा फुलणारा तो माळ. ऐकायला बरं वाटतं. पण माळ त्याहून खूप जुना आहे, आधीच्या शेतीनं आणि चराईनं तयार झालेला. मीठवाल्यांनी झाडं तोडली यात शंका नाही, फक्त सगळ्या माळाचं पाप त्यांच्या माथी मारणं जास्त झालं.

मी उरणकडची. आमच्या मावशीच्या घराच्या मागल्या दारी मिठागरं होती. मार्च-एप्रिलात आगरी बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून एका ओळीनं चालायच्या, टाचांना पडलेल्या भेगांत मीठ जाऊन त्या पांढऱ्या दिसायच्या. तिथे जाळ नसतो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं, उन्हात आटू द्यायचं. ल्युनेबुर्गच्या संग्रहालयात उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की या दोन पद्धतींची खरोखर टक्कर झालेली आहे. ल्युनेबुर्गला बुडवलं ते कुठल्या शत्रूनं नाही, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिठागरांनी. तिथलं करडं, ओलसर, उन्हात वाळवलेलं मीठ दर्जाला कमी होतं, पण सरपणाचा खर्च शून्य. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांनी आणि डच जहाजांनी ते उत्तरेत ओतायला सुरुवात केली. त्यात हेरिंग रुसले, हान्सा संघ मोडकळीला आला, आणि सतराव्या शतकापर्यंत हे गाव मागे पडलं. संग्रहालयाच्या त्या खोलीत मला आनंद झाला हे लिहिताना जरा ओशाळायला होतं. पण झाला. आमच्या बाजूचं मीठ जिंकलं होतं. घरी येईपर्यंत तोही उतरला, कारण जिंकलेल्या मिठागरांत टोपल्या वाहणाऱ्यांचं काय झालं ते मी उरणला पाहिलेलं होतं.

गरिबीनं गाव वाचवलं.

हे वाक्य मी उगाच टाकलेलं नाही. घरं सुंदर ठेवायची असं ठरवून ती कोणी ठेवली नाहीत. सोळाव्या शतकानंतर पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. हॅम्बुर्ग, ल्युबेक श्रीमंत राहिली, बदलत गेली, जळली, बॉम्ब पडले. इथे पुढचा त्रिकोण थोडा बदलला, एखादी बारोक खिडकी बसवली, की झालं. कवी हाइनेचे आईवडील 1822 ते 1826 इथे राहिले. तो सुट्टीत यायचा आणि इथल्या कंटाळ्याबद्दल पत्रांतून मनसोक्त करवादायचा. आता त्या घरावर त्याचं नाव आहे. आपल्याला कंटाळलेल्या माणसाचं नाव घराला देण्यात गावाचा मोठेपणा आहे की व्यवहार, मला सांगता येत नाही. नदीकाठी जुनी लाकडी यारी आहे, आजचं तिचं रूप 1797 चं. तांब्याची टोपी घातलेल्या त्या यारीच्या पोटात दोन प्रचंड चाकं आहेत, त्यांत माणसं चालत राहायची म्हणजे वर ओझं उचललं जायचं. 1840 मध्ये तिनं नावेतून उतरवलेलं सर्वांत जड ओझं कुठलं? इंग्लंडहून ब्राउनश्वाइगच्या रेल्वेसाठी आलेलं इंजिन. सात वर्षांत रेल्वे ल्युनेबुर्गलाच आली, नदीवरचा व्यापार आटला आणि 1860 मध्ये यारी बंद झाली. चाकांत चालणाऱ्यांना आपण काय उचलतोय याचा अंदाज असेल का, हा प्रश्न मी यारीखाली उभं राहून बराच वेळ चघळला. बहुधा त्यांना पायांखालची पुढची फळी तेवढी दिसत असणार.

घरमालकीणबाईंशी माझी ओळख वाढली ती कॉफीवर. त्या याच गल्लीत जन्मल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार दर काही वर्षांनी चौकटीत अडकायला लागतं. मग त्या सुताराला बोलवत नाहीत, स्वतःच रंधा घेतात. मला त्यांनी ते दार दाखवलं. वरच्या कडेची जाडी डावीकडे बोटभर, उजवीकडे नखाएवढी. वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर रंधा फिरून दार आता चौकोनी राहिलेलंच नाही, आणि रंगाचे थर कापल्या जागी एकाखाली एक दिसतात: पांढरा, हिरवा, पिवळट, पुन्हा पांढरा. “हा हिरवा माझ्या आईचा,” त्या म्हणाल्या, आणि कॉफीत दूध ओतायला लागल्या.

गावाचा पश्चिमेकडचा भाग खचतो. मीठ उपसलं, खाली पोकळी झाली, वरचं बसत गेलं. ‘आम मेरे’ गल्लीत खिडक्यांच्या रांगा लाटेसारख्या जातात. फ्रोमे गल्लीत एक लोखंडी फाटक आहे, त्याचे दोन्ही खांब जमिनीनं असे ढकललेत की फाटकाची पाती एकमेकांवर चढली आहेत. गावकरी त्याला पाताळाचं दार म्हणतात. त्या गल्लीतली दोन घरं शेवटी पाडावी लागली. सर्वांत मोठा बळी लाम्बेर्टी चर्चचा. मिठाच्या कारखान्याला लागून असलेलं हे चर्च, मीठवाल्यांचं. ज्यांच्या पैशानं ते उभं राहिलं त्यांच्याच उद्योगानं त्याच्या भिंती फाटल्या, आणि 1860-61 मध्ये ते उतरवलं गेलं. त्याची वेदी निकोलाय चर्चमध्ये नेऊन ठेवली. जिथे चर्च होतं तिथे आता मोकळा चौक आहे, चार झाडं, गाड्या उभ्या. मी तिथे बाकावर बसून सँडविच खाल्लं. उपसा 1980 ला थांबला तरी खचणं थांबलेलं नाही, कारण भूजल आपलं काम करतच राहतं. नगरपालिका ठरलेल्या खुणांवर नियमित मोजमाप घेते. नवीन भेग दिसली की घरमालक आपापल्या विमा कंपनीची कलमं वाचत बसतात. यातला कोणताच भाग त्या मालिकेत येत नसावा.

वरच्या बाजूलाही या गावानं कमी खाल्लेलं नाही. काल्कबेर्ग नावाची जिप्समची टेकडी होती, तिच्यावर ड्यूकचा किल्ला आणि तो मिखाएलिसचा मठ. 1371 मध्ये नागरिकांनी किल्ला बळकावून पाडला, मठ गावात आणला, आणि मग टेकडी फोडायला घेतली. जिप्सम भाजायचा, दळायचा, विटांच्या सांध्यांत भरायचा. शतकानुशतकं हे चाललं, आता टेकडीचा बुंधा उरलाय. तोही मजेदार सूड घेतो. जास्त आचेवर भाजलेलं जिप्सम नंतर ओल शोषत फुगत राहतं. नगरभवनाजवळच्या एका घराची भिंत त्यामुळे पोट आल्यासारखी पुढे आली आहे, आणि गावात त्याला गर्भार घर म्हणतात. पर्यटक त्या पोटावर हात ठेवून फोटो काढतात. मीही काढलाय.

मिखाएलिस चर्चमध्ये गेले तेव्हा ऑर्गनवर कोणीतरी तालीम करत होतं, तोच तोच तुकडा, मध्येच थांबून. आत बघताना क्षणभर चक्कर आल्यासारखं होतं, कारण खांब कललेले आहेत, गर्दीच्या लोकलमध्ये एकमेकांच्या आधारानं उभ्या असलेल्या माणसांसारखे. 1700 साली पंधरा वर्षांचा योहान सेबास्टियान बाख, पुढे थोर संगीतकार झालेला, इथे आला, थुरिंगियाहून तीनशेहून जास्त किलोमीटर, बहुतेक वाट पायी, एका मित्राबरोबर. आईवडील दोघंही गेलेले, थोरल्या भावाच्या घरी राहत होता. इथे सकाळच्या प्रार्थनेच्या गायकवृंदात गायलं की शिक्षण आणि जेवण फुकट. गावात सांगतात तसा तो इथे महान झाला नाही. थोड्याच काळात त्याचा आवाज फुटला आणि बालगायक म्हणून त्याचा उपयोग संपला. तरी त्याला काढून टाकलं नाही. जोहानिस चर्चमध्ये ऑर्गनवर गेओर्ग ब्योम होता, त्याच्याकडून त्यानं काय ते घेतलं. मला त्या काळातला एक तपशील जास्त आवडतो. बाख येण्याच्या दोन वर्षं आधी, 1698 मध्ये, निकेल लिस्ट नावाच्या दरोडेखोराच्या टोळीनं याच चर्चमधली सोन्याची पाटी ओरबाडून नेली होती. म्हणजे मुलगा आला तेव्हा वेदीवर ती उघडीबोडकी जागा असणार, आणि शाळेतली पोरं रोज तीच गोष्ट नव्या मुलांना रंगवून सांगत असणार.

जोहानिसचा मनोरा 108 मीटर उंच आणि ओळंब्यापासून 2 मीटरहून जास्त ढळलेला. त्याचीही कथा आहे. बांधणाऱ्या गवंड्यानं वाकडेपणा बघून लाजेनं वरून उडी मारली, खाली गवताची गाडी, त्यामुळे वाचला. आनंदात दारूच्या दुकानात गेला, प्याला, आणि बाकावरून पडून मेला. घरमालकीणबाईंना ही गोष्ट मुळीच आवडत नाही. त्यांचं म्हणणं, ज्याला खरी लाज वाटते तो गवतावर पडत नाही.

जुन्या गावाचा मिखाएलिसकडचा भाग साठ-सत्तरच्या दशकांत गचाळ झाला होता. भाडी कमी, संडास अंगणात, भिंतींना टेकू. जुनं पाडून टाकावं, रुंद रस्ते आणि नवी घरं बांधावीत, असा तेव्हाचा सरकारी शहाणपणा. कुर्ट पोम्प नावाचे एक कलावंत गृहस्थ बाहेरून इथे आले, एक पडकं घर घेतलं, ते जुन्या पद्धतीनं दुरुस्त केलं आणि 1974 मध्ये समविचारी लोकांना घेऊन जुनं गाव वाचवणारं मंडळ उभं केलं. बाईंच्या वडलांना हे लोक वेडे वाटायचे. त्यांना नवा फ्लॅट हवा होता, गरम पाण्याचा, सरळ भिंतींचा. “बाबांचं काही चुकत नव्हतं,” बाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं, आणि तरीही गाव वाचलं याचा आनंद होतो. अंगणातल्या संडासात हिवाळ्यात जाणाऱ्या माणसाला वारशाचं प्रेम शिकवू नये. आता त्याच गल्लीतल्या घरांच्या किमती बघून शिक्षकाच्या पगाराच्या माणसानं तिकडे फिरकू नये अशी स्थिती आहे.

एक गोष्ट मी पाहुण्यांना कधी सांगत नसे. आता सांगते. युद्धात गावाला फारसं लागलं नाही, स्टेशनचा भाग सोडून. एप्रिल 1945 मध्ये स्टेशनावर बॉम्ब पडले तेव्हा तिथे छळछावणीच्या कैद्यांना कोंबलेली गाडी उभी होती. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना काही दिवसांनी पहारेकऱ्यांनी मारून टाकलं. ते सगळे टीअरगार्टन जंगलातल्या दफनभूमीत आहेत. महिन्याभरात, 4 मे रोजी, गावाबाहेरच्या एका टेकाडावर ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या तंबूत वायव्येकडच्या जर्मन सैन्यानं शरणागती लिहून दिली. 23 मे रोजी नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर यानं इथल्याच एका बंगल्यात तपासणी चालू असताना विषाची कुपी चावली, आणि ब्रिटिशांनी त्याला हीथमध्ये खूण न ठेवता पुरलं. सप्टेंबरमध्ये गावातल्या व्यायामशाळेत बेर्गन-बेल्झन छावणीचा खटला उभा राहिला. पंचेचाळीस आरोपी, गळ्यात आकड्यांच्या पाट्या. साक्ष द्यायला आलेल्यांत वीस वर्षांची अनिता लास्कर होती, ऑशविट्झच्या स्त्रियांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून जगलेली. आरोपींपैकी अकरा जणांना फाशी झाली. बाखच्या गावाला एका चेलोवादक मुलीनं दिलेलं हे ऐकवणं, याचा उल्लेख मी कुठल्याही संगीत-सहलीच्या पत्रकात पाहिलेला नाही.

आणि मग सत्तर वर्षांनी, 2015 मध्ये, पुन्हा. ऑशविट्झमध्ये कैद्यांचे पैसे मोजणारा ओस्कार ग्र्योनिंग, वय 94, याच भागात आयुष्यभर साध्या माणसासारखा राहिलेला. न्यायालयाची खोली लहान पडेल म्हणून खटला ‘रिटरअकाडेमी’ या कार्यक्रमाच्या सभागृहात चालला. तीन लाख खुनांना साहाय्य केल्याबद्दल चार वर्षं शिक्षा झाली. ती भोगायच्या आधीच 2018 मध्ये तो वारला. मी बाईंना विचारलं, तुम्ही गेला होतात का ऐकायला? त्या गेल्या होत्या. पहाटे रांग लावली होती. त्यावर त्या फार बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, की तो बोलताना वाक्यं नीट पूर्ण करत होता, हिशेबनीसासारखी. मग उठून त्यांनी बशा सिंकमध्ये ठेवल्या. मला वाटतं, या गावात जे खाली आहे ते काही काळानं वर येतंच, पण आपोआप येत नाही. कोणीतरी खटला भरावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, मोजमाप घ्यावं लागतं.

भाचीचं विद्यापीठ गावाच्या दक्षिण टोकाला आहे, 1930 च्या दशकात बांधलेल्या लष्करी बराकींत. लाल विटांच्या लांबलचक, शिस्तीत उभ्या इमारती, त्यांच्यासमोर आता शेकडो सायकली. मधोमध मात्र 2017 मध्ये उघडलेली वास्तुकार डॅनियल लिबेस्किंडची इमारत, पत्र्यानं मढवलेली, जिच्या भिंती, खिडक्या, कडा मुद्दाम तिरक्या केलेल्या आहेत. लिबेस्किंडचे आईवडील नाझी अत्याचारांतून वाचलेले पोलिश ज्यू. वेअरमाख्टच्या, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याच्या, कवायतीच्या मैदानावर त्यानं काटकोनच येऊ दिला नाही हे मला पटतं. दहा कोटी युरोंहून जास्त खर्च मात्र पटत नाही, आणि ज्या गावात भिंती फुकटात वाकतात तिथे तर नाहीच. भाची म्हणते, मावशी, तू हॅम्बुर्गची झालीस, तुला प्रत्येक गोष्टीची पावती लागते. असेल. तिचा विषय शाश्वत विकास आहे, त्याची इथे स्वतंत्र विद्याशाखाच आहे. डोंगर वरून खाऊन आणि मीठ खालून उपसून ज्यांनी हे गाव उभं केलं त्यांच्या वारसांनी हा विषय शिकवायला घेतलाय, हे बरंच झालं. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे, भूजल व्यवस्थापनाची.